नानांच्या गाडीची कावीळ

टूथपेस्टने माणसाचे दातसुद्धा पांढरे होत नाहीत.

हे सत्य गेली सव्वीस वर्षं मला रोज सकाळी आरशात दिसतं आहे. तरीही एका रविवारी मी पेस्टची अख्खी ट्यूब नानांच्या गाडीच्या हेडलाइटवर पिळली, कारण मोबाइलमधल्या एका इस्त्री केलेल्या माणसाने तसं सांगितलं होतं. 'पिवळे पडलेले हेडलाइट घरच्या घरी, दहा मिनिटांत, नव्यासारखे!' त्या माणसाचा मी इथे जाहीर निषेध करतो. त्याच्या व्हिडिओखाली टाळ्या वाजवणाऱ्यांचाही करतो. (त्यात एक टाळी माझी आहे. तिचा वेगळा निषेध.)

मी बदनापुरात राहतो आणि चळवळ करतो. आमच्या संघटनेत तीन जण आहेत, त्यातला एक पुण्याला नोकरीला गेला. आमचं हत्यार म्हणजे पत्रक. पाणी, खड्डे, बाजारातली घाण, सगळ्यांवर मी पत्रकं काढली, निवेदनं दिली, आणि आजतागायत माझी एकही मागणी कुणी मान्य केली नव्हती. सगळ्यात ताजं पत्रक गाड्यांच्या दिव्यांवर होतं. जालन्याहून परतताना धुरकट दिव्यांची एक जीप अंगावर आली आणि मी दुचाकीसकट कपाशीच्या शेतात गेल्तो. दुसऱ्याच दिवशी पेटून लिहिलं: 'पिवळे दिवे, चालते यमदूत!' त्याखाली पाच मागण्या आणि सगळ्यात खाली माझं नाव. भाषा अशी जळजळीत, की छापखानेवाला म्हणाला, "भाऊ, कागद पेट घेईल!"

कागदाने पेट घेतला नाही. जनतेनेही नाही. पाचशे छापली, शंभरेक वाटली, उरलेला गठ्ठा खाटेखाली सरकवला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस निघाला, माझे वडील.

"ये पुढारी," नाना चष्मा काढून म्हणाले, "लिव्हलंस झकास. पण आपल्या गाडीचे दिवे पाह्यलेस का कधी?"

पाहिले. दोन्ही दिवे हळदीच्या दुधासारखे दिसत होते. तालुक्यातला सर्वांत मोठा यमदूत आमच्याच अंगणात, लिंबाखाली उभा होता!

नानांनी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. अजूनही ते निघताना दारावर दोनदा थाप मारतात आणि थांबताना एकदा. डबल बेल म्हणजे चला, सिंगल बेल म्हणजे थांबा. त्याशिवाय त्यांच्याने गिअर पडत नाही. आता गाडीला पंधरा वर्षं भरली होती आणि सोमवारी तिला आरटीओत पुन्हा पासिंगला न्यायचं होतं. आणि गुरुवारी जायचं होतं धावड्याला, ताईच्या सासरी. तिचं पहिलं बाळंतपण. डोहाळजेवण उरकून तिला माहेरी आणायचं. नानांनी फोनवर शब्द दिल्ता, "माझ्या लेकीला मी माझ्याच गाडीत आणीन."

आणि पासिंग झालं नाही तर? तर मामाची गाडी! मामा मंठ्याला असतो. त्याची गाडी नवी कोरी आहे आणि जीभ गाडीपेक्षा लांब आहे. दर सणाला तो आमच्या अंगणात उभा राहून म्हणतो, "दाजी, गाडीला कावीळ झाली तुमच्या. भंगारात घाला. मी हाय की न्यायला-आणायला!" नाना फक्त भजी खायचे थांबतात. नाना भजी खायचे थांबले म्हणजे घाव खोल आहे, हे घरात सगळ्यांना कळतं. मामाला कळत नाही. तो उरलेली भजी खातो.

शेजारचे शकीलभाई गाड्यांचं रंगकाम करतात. शनिवारीच ते भिंतीवरून डोकावून म्हणाले होते, "भाऊ, घेऊन या इकडं. बारीक पेपर, पाणी अन् पॉलिश. एका दिव्याला एक तास. घरी करू नका, बिलकुल करू नका."

"शकीलभाई," मी छाती काढून म्हणालो, "साध्या साध्या कामासाठी माणसाला परावलंबी करून ठेवायचं, हेच या बाजाराचं कारस्थान आहे!"

ते मान हलवत भिंतीआड गेले. हा बाजार म्हणजे ते स्वतः, एक पत्र्याची शेड आणि एक कॉम्प्रेसर एवढाच होता.

तर रविवार. नाना जेवून झोपले आणि मी पेस्ट घासली. दिव्यांना पुदिन्याचा वास आला. दुसरं काही आलं नाही. मग व्हिडिओतल्या माणसाने सोडा आणि लिंबू सांगितलं. मी चार लिंबं पिळली.

"गाडीचं सरबत करून राह्यला का?" आईने दारातून विचारलं.

"आई, ही रासायनिक प्रक्रिया आहे!"

"मंग पेस्ट कुठं गेली? सकाळी दात कशानं घासायचे, रासायनिक प्रक्रियेनं?"

प्रक्रिया फसली. आता उरला शेवटचा उपाय, पॉलिश पेपर. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, एक हजार नंबरचा घ्या, मग दोन हजार. घरात दरवाजे रंगवताना उरलेला ऐंशी नंबरचा पेपर होता. मी विचार केला: ऐंशी हा हजारापेक्षा लहान, म्हणजे हा पेपर अजून बारीक! (पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे मला आता माहीत आहे. हे ज्ञान शाळेत का देत नाहीत, हा स्वतंत्र पत्रकाचा विषय आहे.)

पण त्या माणसाने एक अट घातली होती. घासण्याआधी दिव्यांच्या भोवती टेप लावा, नाहीतर गाडीच्या रंगावर ओरखडे उठतील. टेप घरात नव्हता. सामान्य माणसाच्या घरात टेप असतो कुठे? माझ्या घरात काय होतं? पत्रकं! आणि पत्रक चिकटवणं ही एकच कला मला अवगत आहे.

माझ्या हातची खळ जिल्ह्यात कुणी करू शकत नाही. मैदा मंद आचेवर शिजवायचा, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा आणि आणखी एक जिन्नस, तो मी संघटनेच्या सचिवालाही सांगितलेला नाही. या खळीने लावलेलं पत्रक तीन पावसाळे टिकतं. मी ताईच्या डोहाळजेवणाच्या करंज्यांसाठी आणलेला मैदा शिजवला आणि खाटेखालचा गठ्ठा ओढून दिव्यांच्या बाजूंनी, बंपरवर आणि बॉनेटवर पत्रकं डकवली. सरळ रेषेत, मजकूर वर. पत्रक उलटं लावायचं नाही, हा चळवळीचा पहिला धडा! हाताला सवय, डोक्याला सुट्टी.

आणि मग मी घासलं. वर्गशत्रू समोर असावा तसं घासलं.

चार वाजता नाना उठून बाहेर आले. दोन्ही दिवे न्हाणीघराच्या खिडकीसारखे पांढरेफटक झाले होते. नानांनी एक फेरी मारली. दुसरी मारली.

"पुढारी," ते शांतपणे म्हणाले, "आधी दिवे पिवळे दिसत व्हते. आता दिव्यांना काही दिसत न्हाई."

सोमवारी सकाळी मी तत्त्वांवर पाणी सोडून शकीलभाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दिवे पाहून कपाळाला हात लावला. "भाऊ! मोतीबिंदू काढायला गेलात अन् डोळाच सोलून काढला की!" तरी बिचारे पाणी मारून मारून बारीक पेपरने घासत बसले. उजवा दिवा असा लखलखला, की मला त्यात माझा चेहरा दिसला. (मी लगेच बाजूला झालो.) पण तेवढ्यात निघायची वेळ झाली. डावा राहिला.

आणि पत्रकं? रविवारच्या उन्हाने ती भाजून काढली होती. मी पाणी मारलं, हलली नाहीत. नखं मोडली, हलली नाहीत. आईने उलथनं आणलं. उलथन्याने रंग निघाला, पत्रक नाही निघालं!

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "लोक काय वाचतेत थोडंच? तुझं आजवर कुणी वाचलंय?" आणि दारावर दोन थापा मारून निघाले.

पासिंगच्या मैदानावर मी भांडायच्या तयारीने गेल्तो. साहेब उर्मट असणार, अडवणूक करणार, मग मी घोषणा देणार. पण साहेब निघाले सभ्य. माझी इतकी निराशा कधी झाली नव्हती! त्यांनी ब्रेक पाहिला, "बराबर." हॉर्न वाजवला, "बराबर." मग पुढे आले.

"हा दिवा तर नव्यासारखाच झालाय. अन् हा कामून असा?"

"वेळ पुरला न्हाई साहेब," नाना हात जोडून म्हणाले. "गुरुवारी लेकीला आणायचंय बाळंतपणाला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ठीक हाय काका. गाडी चांगली ठेवलीत तुम्ही. आठ दिवसांत दुसरा दिवा पण करून घ्या. मी देतो..."

आणि साहेबांची नजर बॉनेटवर गेली.

ते वाचू लागले. माझ्या आयुष्यातला दुसरा वाचक! आणि वाचायचा तर मनात वाचावं. हा मोठ्याने वाचू लागला.

"'मागणी तीन. एक दिवा जरी धुरकट असला तरी अशा वाहनास पासिंग देऊ नये.'"

नाना आकाशाकडे बघू लागले.

"'मागणी चार. आठ दिवसांत करून आणतो साहेब, ही लबाडी ऐकून घेऊ नये. मागणी पाच. सवलत देणाऱ्या अधिकाऱ्यास जनता भर चौकात जाब विचारील!'" त्यांनी खालचं नाव वाचलं. "हे कोण?"

"मीच," मी म्हणालो.

"अन् गाडी?"

"वडिलांची."

"म्हंजे वडिलांच्या गाडीवर, वडिलांच्याच गाडीच्या विरोधात..."

"टेप नव्हता, साहेब."

साहेबांनी टोपण परत लावलं.

"साहेब, ते जनरल लिहिलंय! सगळ्यांसाठी!"

"मंग सगळ्यांत तुम्ही न्हाई का?"

एवढ्या वर्षांत इतका खणखणीत प्रश्न मला कुठल्याच पत्रकात सुचला नव्हता.

"मुद्दे बराबर हायेत तुमचे," साहेब म्हणाले. "मागणी मान्य. दोन्ही दिवे करून आणा, मंग पुढल्या सोमवारी या."

घरी पोचल्यावर नानांनी गाडी लिंबाखाली लावली, उतरले आणि दारावर थाप मारली. एकच.

गुरुवारी आम्ही मामाच्या गाडीतून धावड्याला गेलो. डोहाळजेवणात करंज्या नव्हत्या. निघताना ताईने विचारलं, "नाना, आपली गाडी कुठाय?"

"ती आंदोलनाला बसलीया," नाना म्हणाले. मामा धावड्यापासून बदनापूरपर्यंत हसत आला, आणि नानांनी त्या दिवशी सबंध वाटेत दारावर हात ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात शकीलभाईंनी डावा दिवा केला आणि गरम पाण्याने पत्रकंही सोडवली. गाडी पास झाली. बॉनेटवर फक्त दोन तुकडे कायमचे राहिले, 'चालते यमदूत' आणि त्याखाली माझं नाव.

ते काही असो, मान्य झालेली ही माझी पहिली मागणी आहे! संघटनेचा ठराव झालाय, की विजयाचं पत्रक गावभर लावायचं. मजकूर तयार आहे, छापखानाही तयार आहे. फक्त आईने मैद्याच्या डब्याला कुलूप लावलंय, आणि किल्ली नानांकडे आहे.