नळीतला बुडबुडा

"बाबा, सोड! बटण सोड! नळी माझ्या पोटालाच आहे!"

ही माझी मुलगी. वय पंधरा, आणि आवाज असा की निर्मळच्या तळ्यावरचे बगळे उडून थेट आगाशीत उतरावेत. मी बटण सोडलं नाही. लगेच नाही. बुडबुडा नळीच्या टोकाशी पोचतच आला होता, दोन बोटं राहिली होती, आणि हातातलं काम अर्धं टाकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. दोन बोटं सरली, बुडबुडा गेला, मग मी बटण सोडून मैदान मारल्यासारखं वर पाहिलं. तिचा चेहरा दिसला तेव्हा कुठे तिचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं.

इन्सुलिनचा पंप घरात येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. आठव्या वर्षापासून ती दिवसाला चार-चार सुया टोचून घेत होती, त्या आता सुटल्या होत्या. पंप म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा डबा. आत इन्सुलिनची कुपी, तिच्यातून निघालेली हातभर नळी, टोकाला बारीक सुईची, अंगावर चिकटवायची चकती. दर तीन दिवसांनी नळी आणि चकती बदलायची, जागाही बदलायची. आज पोट, तर पुढच्या वेळी मांडी. शिकवायला आलेल्या बाईंनी सगळं तीनदा समजावलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

"बाई, माझ्या वाडीत दोन हजार केळी ठिबकवर आहेत. नळीचं मला सांगू नका!"

दोन हजार नव्हत्या. चारशे असतील, त्यातल्या साठ वादळात आडव्या झालेल्या. पण बाई हसल्या, मुलगी हसली, आणि ते काम माझ्याकडे आलं. आगाशीच्या बाजारात मी सांगत सुटलो की एका हातात चहाचा कप धरून, डोळे मिटून, मी पोरीची नळी बदलतो आणि चहाचा थेंब सांडत नाही. खरं सांगायचं तर जीभ दातांत धरून मला अर्धा तास लागायचा. तो अर्धा तास मुलगी झोपाळ्यावर आडवी पडून बोलत राहायची. शाळेतलं, मैत्रिणींचं, कोण कुणाशी अबोला धरून आहे ते सगळं. एरवी तिच्या तोंडून 'हं' आणि 'बघू' यापलीकडे काही निघत नसे. मला तर नळी दर तीन तासांनी बदलावी लागली तरी चाललं असतं.

वाडीत ठिबकच्या नळीत हवा धरली की आम्ही पाणी चालूच ठेवतो. नळी झाडापासून सोडवत कोण बसतं? हवा जाते, केळीला दोन लोटे पाणी जास्त मिळतं, आणि केळ काही तक्रार करत नाही. त्या सकाळी सगळं लावून झाल्यावर मला नळीत वरच्या बाजूला बुडबुडा दिसला. मी नळी भरायचं बटण दाबलं. नळी अंगापासून सोडवली आहे ना, असं पंपानं आधी इंग्रजीत विचारलं होतं. मी न वाचताच हो केलं. बुडबुड्याच्या पुढे नळीभर इन्सुलिन होतं, ते सगळं तिच्या अंगात गेलं.

तिनं झटक्यात नळी काढली. बायको परसात मोगरा निवडत होती, ती फुलांची पाटी टाकून धावत आली.

"अहो, काय केलंत? काय केलंत तिला?"

मूठभर साखर पोरीच्या तोंडात कोंबली, पाणी पाजलं आणि रिक्षानं सोपाऱ्याचं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती युनिट गेलं?"

मी जन्मात कुठला आकडा कमी करून सांगितलेला नाही. माझ्या गळाला लागलेला जिताडा दरवर्षी वीतभर वाढतो. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "तीन. फार तर साडेतीन."

"मग तासभर बसवा, सरबत पाजत राहा," म्हणून बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या.

"बारा," मुलगी म्हणाली.

तिचे केस कपाळाला चिकटले होते, ओठ थरथरत होते. "पंपात लिहिलेलं असतं," म्हणत ती पंपाची बटणं दाबू लागली. बोटं नीट चालेनात. डॉक्टरीणबाईंनी पंप हातात घेतला, पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सिस्टरना हाक मारली. सलाईनची सुई शिरेत जाईपर्यंत तिची जीभ जड झाली होती. डोळे उघडे ठेवून ती माझ्याकडे बघत होती आणि मी कोण ते तिला कळत नव्हतं. दहा मिनिटं, असं बायको म्हणते. मी त्यात एकही मिनिट वाढवत नाही.

संध्याकाळपर्यंत ती ठीक झाली. दुसऱ्या दिवशी घरी आली. बाजारात लोकांनी विचारलं, "काय हो, चहा घेत घेत चाललंय ना नळीचं काम?" मी म्हटलं, केळी भरायचीत, आणि निघून आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत पलंगावर सगळं मांडून बसली होती. दार उघडंच होतं, पण मला हाक आली नव्हती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. नळी मोकळी लोंबत ठेवून ती टोकाशी थेंब यायची वाट बघत होती. थेंब आला. मग तिनं मांडीवर चकती ठेवून दाबली. खटकन आवाज झाला, तिनं डोळे घट्ट मिटून उघडले.

"मी घाबरलो होतो गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तीन सांगितलं तर तीनच गेलं असेल."

ती नळी चकतीला जोडत होती.

"पुढच्या वेळी मी करू? वाचून करीन सगळं. तू सांगशील तसं."

"नको. मला येतं," ती म्हणाली. "तू जेवून घे."