भट्टीच्या मळीतली हिरवी काच

"मामा, आई गेली..." सौसरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या दुकानात तागा उलगडून उभा होतो. का कोण जाणे, समोरच्या गिऱ्हाइकाला मी आधी कापड मोजून दिलं आणि मगच शटर ओढलं.

सुधाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सौसरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. भाऊजी गेले, नोकरी संपली, आणि तिला एक वेड लागलं. मँगनीजच्या भट्टीतून जी वितळलेली मळी बाहेर टाकतात, ती झटकन थंड झाली तर तिची काच होते. दिसते काळी, पण कड उन्हात धरली की आत हिरवा, कधी निळसर रंग. असे तुकडे ती रबराच्या ड्रममध्ये पाणी आणि घासायची भुकटी घालून महिनाभर फिरवायची. शिलाई मशीनची जुनी मोटर लावलेला तो ड्रम मागच्या पडवीत सदा घरघरत असे. त्यातून निघालेले गुळगुळीत खडे गल्लीतल्या पोरींना वाटून टाकायची.

खरी अडचण काच मिळण्याची. लोधीखेड्याकडे एक बंद पडलेली भट्टी तिने हुडकली, तर वर्षभरात तिथली सगळी मळी फोडून रस्त्यात घातली गेली. मग ती ट्रकवाल्यांना, गिट्टी पसरणाऱ्या बायांना विचारत फिरायची. बुडबुड्यांची मळी ड्रममध्ये फुटते, म्हणून पोतंभर उपसलं तर मूठभर कामाची. गाडीने मीच न्यायचो. एकदा ती रस्त्याकडेच्या ढिगात बसलेली असताना माझे व्याही तिथून गेले. थांबले, हसले. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "ताई, लोक म्हणून राहिले, मास्तरीण कचरा वेचते. माही तरी लाज ठेव." ती पदराने हात पुसत राहिली... नंतर वर्षभर तिने मला गाडी मागितली नाही.

या उन्हाळ्यात मात्र फोन आला. "बाळ्या, तिगावजवळ नवा ढीग पडला म्हणतात. मले नेशील का रे?"

"रविवारी नेतो ना, ताई."

तो रविवार लग्नसराईत गेला. पुढचाही. तिसरा यायच्या आधीच ती गेली.

तेरवीनंतर मी एकटाच तिगावला गेलो. शेताच्या धुऱ्यालगत, बांधाला टेकून ढीग होता. तुकडे उचलून पाहत होतो, मला सगळे सारखेच दिसत होते. शेळ्या चारणारी एक म्हातारी जवळ आली.

"काय शोधून राहिले, भाऊ?"

"काच."

"तुम्ही त्या सौसरवाल्या बाईचे भाऊ होय का?"

मी हातातला तुकडा खाली ठेवून मान हलवली.

"दोन खेपा आल्या ना त्या. बसनं."

सौसरहून बसने, म्हणजे पांढुर्ण्यात उतरून. माझं दुकान स्टँडसमोरच आहे... म्हातारीने मला बाभळीखाली नेलं. तिथे पळसाच्या पानांखाली निवडलेले तुकडे रचून ठेवले होते, मोठे खाली, बारीक वर.

"म्हणे, जड हाय, माह्याच्यानं उचलत नाही. माहा भाऊ कामात हाय, पण येईन गाडी घेऊन. तवरिक शेळ्यायले इकडे येऊ देजो नको."

मी वरचा एक तुकडा उचलून त्याची कड उन्हात धरली.

"अन् बाई काऊन नाही आल्या?" तिने विचारलं.

ताई गेली, हे तोवर मला कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. भेटणाऱ्याला आधीच कळलेलं असायचं. त्या म्हातारीला मात्र मलाच सांगावं लागलं.