शिकलगार बाईंचा बसवलेला पाठ

आमच्या प्राथमिक शाळेत सगळ्यांचे आवाज काढता यायचे, फक्त शिकलगार बाईंचा नाही. मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सर आधी घसा खाकरायचे, मग "म्हणजे काय आहे की" म्हणायचे आणि मग काय आहे ते विसरून जायचे. तिसरीच्या मंदाकिनीबाई सगळ्यांना 'राजा' म्हणायच्या. पट्टी मारतानासुद्धा. "हात पुढे कर राजा." हे कुणालाही जमेल. शिकलगार बाईंना लकबच नव्हती. एका पट्टीतलं स्वच्छ बोलणं, आणि प्रश्न विचारून झाला की एक लांब थांबा. तुम्ही विचार करेपर्यंत त्या थांबायच्या. मधल्या सुट्टीत आम्ही थांबा घेऊन बघायचो, पण तो नुसता गप्प बसल्यासारखा दिसायचा.

पूर्ण नाव नसीमबानू शिकलगार. घर गंज पेठेत. नवरा मैनुद्दीन, बुधवार पेठेत घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. बाई सव्वीस वर्षं चौथीला शिकवत होत्या आणि सरांच्या खालोखाल सगळ्यांत जुन्या होत्या. शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी 'शब्दांचा तास' करून टाकला होता. वेळापत्रकात तिथे कार्यानुभव लिहिलेलं होतं. गोपाळकृष्ण सर व्हरांड्यातून जाताना खिडकीकडे न बघता जायचे. शब्दांच्या तासाला त्यांची परवानगी होती ती एवढीच.

त्या तासाला पुस्तक काढायचं नाही. बाई फळ्यावर एक शब्द लिहायच्या आणि आम्ही तो फोडायचो. ज्वालामुखी आम्हाला तीन शुक्रवार पुरला.

"या घरात किती जणं राहतात?"

"दोन! ज्वाला आणि मुख!"

"मुख आणखी कुठे भेटलंय?" आणि थांबा.

"मुखवटा!" "मुखपृष्ठ!" "गोमुख!"

"बाई, मुख्याध्यापक!" हा मच्छिंद्र. बापाचं स्वारगेटला रसवंतीगृह, त्यामुळे आवाज गिऱ्हाईक बोलावण्याचा.

"बरोबर. मुखावरून मुख्य."

"म्हणजे सर शाळेचं तोंड. तरीच ते बंद होत नाही."

"शब्द बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शेरा घरी घेऊन जा."

मग उद्रेक. 'उद्' म्हणजे वर, बाहेर. उद्गार तोंडातून बाहेर, उद्गम डोंगरातून बाहेर. प्रेमलानं विचारलं, "आणि उदबत्ती? तिचा धूर वर जातो की."

कुणी हसलं. बाई हसल्या नाहीत. "धूर वर जातो, पण हा ऊद वेगळा. तो अरबीतून आलेला पाहुणा. खुर्चीही तिकडचीच. लाव्हा इटलीहून आला. पाहुण्यांना घालवून द्यायचं नाही, फक्त गाव विचारून ठेवायचं."

लाव्ह्याला आपला शब्द शिलारस. तो शिकवायला बाईंनी आम्हा एक्केचाळीस जणांना शाळेच्या दारातल्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं.

"कशावर बसलात?"

"पायरीवर."

"पायरी कशाची?"

"काळ्या दगडाची."

"हा दगड एके काळी शिलारस होता. पुण्याखाली सगळीकडे तोच आहे, थंड होऊन थिजलेला."

उल्का चटकन उठली आणि स्कर्ट चाचपून बघायला लागली. मच्छिंद्र म्हणाला, "बाई, मग हा ज्वालामुखी मृत की निद्रिस्त?"

"मृत. पण मेल्यावर किती कामाला येतोय बघ. तुझ्यासारखे एक्केचाळीस सांभाळतोय."

त्या वर्षी गोपाळकृष्ण सर निवृत्त होणार होते. संस्थेत आजवर जो सगळ्यांत जुना तो मुख्याध्यापक, असं चालत आलेलं. म्हणजे शिकलगार बाई. बाईंनी लाल पेनानं चौकटी आखून पुढच्या वर्षीचं वेळापत्रकही करून ठेवलं होतं: दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही वर्गांना शब्दांचा तास, उघड, तसं लिहून. आमच्यासमोर तो कागद टेबलावर असायचा. त्यांना मुख्याध्यापिका कशासाठी व्हायचं होतं हे त्या कागदावर सरळ वाचता यायचं.

मग संस्थेचे चिटणीस श्यामसुंदरराव आले. हे नाकातून बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला आधी "असं होय" लावायचे, समोरचा काही बोललेला नसला तरी. वर्गाच्या दारातच म्हणाले, "असं होय. बाई, यंदा आपण पाठ बघून ठरवू या. नवीन पद्धत."

"सगळ्यांचा बघणार, सर?"

"तुमचा बघू की आधी." मग कौतुकानं, "तुमचं मराठी अगदी शुद्ध आहे हो! घरी काय बोलता?"

"घरी कमीच बोलते, सर. शाळेतच संपतं सगळं."

ते गेल्यावर गोपाळकृष्ण सर वर्गात आले. आम्ही शुद्धलेखन लिहीत होतो, म्हणजे सगळं ऐकत होतो.

"म्हणजे काय आहे की, बाई... पाठ बसवून घ्या."

पाठ बसवणं म्हणजे नाटक बसवतात तसं. कुठला प्रश्न कधी विचारायचा आणि उत्तर कुणी द्यायचं, सगळं आधी ठरलेलं. पाहुण्यांसमोर वर्ग हुशार दिसावा म्हणून प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याचा प्रश्न त्यानं उजवा, बाकीच्यांनी डावा. बाई उजव्याला उठवणार. आमच्या शाळेत सगळे तपासणीला असंच करायचे. शिकलगार बाईंनी सव्वीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं, म्हणून त्यांच्या शेऱ्याच्या वहीत दर वर्षी 'वर्गशिस्त साधारण'.

"मुलांना येतं, सर," बाई म्हणाल्या.

"मुलांना येतं हो. पण ती काय बोलतील ते आपल्याला येत नाही ना! तो तुमचा मच्छिंद्र माझ्या तोंडाबद्दल काय म्हणाला ते आलंय माझ्या कानावर. चिटणिसांसमोर म्हणाला असं काही, तर? एक दिवस बसवा. मग खुर्चीवर बसा आणि आयुष्यभर शब्द फोडत राहा."

बाईंनी लाल चौकटींचा कागद खणात ठेवला. म्हणाल्या, "बघते."

आणि बसवला. आठ दिवस. 'ज्वाला' उल्काला, 'उद्रेक' मला, 'शिलारस' प्रेमलाला. "उजवा कुणाचा? बाकीचे डावे. पुन्हा." मच्छिंद्रला काहीच नाही. त्याला शेवटच्या बाकावर भिंतीकडे सरकवलं. "तू हाताची घडी घालायची. बोलायचं नाही."

"काहीच नाही, बाई?"

"काहीच नाही."

चौथ्या दिवसापर्यंत बाईंचा थांबा गेला. प्रश्न संपायच्या आत उत्तर, उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न. शब्दांच्या तासाचा शुक्रवारसुद्धा त्यातच गेला. त्या आठवड्यात मला बाईंची नक्कल पहिल्यांदा जमली. मधल्या सुट्टीत केली, सगळे पोट धरून हसले. अगदी सोपी होती.

पाठाच्या दिवशी श्यामसुंदरराव मागे खुर्चीवर, शेजारी गोपाळकृष्ण सर. मंदाकिनीबाईही येऊन बसल्या, "मी आपली शिकायला आले हं राजा." बाईंनी तक्ता टांगला. ज्वाला, मुख, उद्, शिला, निद्रा. हात वर, उजवा उठला, उत्तर आलं, बसा. पंचवीस मिनिटांत कुठे अडखळलं नाही. आगगाडीसारखा पाठ झाला. गोपाळकृष्ण सर इतके खूश की घसा खाकरायचं विसरले.

"असं होय," श्यामसुंदरराव उठले. "छान. आता मी एक विचारतो. सोप्पा. तुमच्या शाळेच्या दारात पायऱ्या आहेत की नाही, तो काळा दगड कशाचा झालाय?"

हे तर आम्हाला झोपेतही आलं असतं. त्या दगडावर बसून आम्ही शिकलो होतो. पण हा प्रश्न वाटणीत नव्हता. उल्कानं माझ्याकडे बघितलं, मी प्रेमलाकडे. प्रश्न कुणाचाच नाही म्हटल्यावर आम्ही आठ दिवस केलं तेच केलं. चाळीस डावे हात वर गेले.

मंदाकिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"वा!" श्यामसुंदरराव म्हणाले. "चाळीस डावखुरी पोरं एका वर्गात. पुण्यात दुसरी अशी शाळा नसेल."

"हात खाली करा," बाई म्हणाल्या. "सर, मुलांना हे येतं. मी विचारते परत."

"नको, नको. ते बसवायला अजून आठ दिवस लागतील तुम्हाला."

"सर, पायऱ्यांवर बसवून शिकवलंय मी."

"बाई, मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. हे उजवं-डावं मला नका सांगू. आम्हीही तेच करायचो. पण वरचा प्रश्न आला तर म्हणून चार उजवे शिल्लक ठेवायचो. तुम्हाला धड तेही जमलं नाही."

तेवढ्यात भिंतीकडून रसवंतीगृहाचा आवाज आला. "शिलारस! थिजलेला शिलारस, बाई!"

श्यामसुंदररावांनी मान वळवली. "याला काय सांगून ठेवलं होतं?"

"गप्प बसायला," बाई म्हणाल्या.

"तेही नाही जमलं." आणि ते चहाला गेले.

आम्ही तसेच बसून राहिलो. प्रेमला रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मला येत होतं. पण माझा नंबर नव्हता म्हणून..."

"बरोबर केलंस," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तसंच केलंस." त्यांनी तक्ता उतरवला आणि गुंडाळला. सुतळी सापडेना. तशीच गुंडाळी हातात धरून त्या तास संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई झाल्या. त्यांचा पाठ कुणी बघितला नाही. "त्यांचं काम आपल्याला ठाऊकच आहे," श्यामसुंदरराव म्हणाले म्हणे. पाठ न बघता ठाऊक कसं झालं, ते कुणी विचारलं नाही. गोपाळकृष्ण सरांनी निरोपाच्या भाषणात शिकलगार बाईंचं नाव घेतलं नाही. शाल घेतली आणि गेले.

सूचनावहीतली नव्या मुख्याध्यापिकेची पहिली सूचना: शुक्रवारचा शेवटचा तास चौथीला शिष्यवृत्ती सराव. शिपाई मैनामावशी वही घेऊन वर्गावर आल्या, सही घ्यायला. बाईंनी वाचलं, सही केली, तारीख घातली.

व्हरांड्यात मंदाकिनीबाई भेटल्या. "मनाला लावून घेऊ नका हं राजा."

बाई त्यांच्याहून अकरा वर्षांनी जुन्या. "मनाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलांचा तास कुठे लावलात तेवढं सांगा."

"अहो, वेळापत्रकात तो नव्हताच ना कधी!"

हेही खरंच होतं.

यंदा माझी धाकटी बहीण चौथीत आहे, शिकलगार बाईंच्याच वर्गात. परवा तिच्या दप्तरात पुस्तक दिसलं, कव्हर घातलेलं, धड्याला पेन्सिलनं खुणा केलेल्या. मी विचारलं, "ज्वालामुखी झाला?"

"झाला."

"ज्वाला म्हणजे काय?"

"ते नाहीये. ज्वालामुखीतून डॅश बाहेर पडतो, रिकामी जागा भरा."

"पायऱ्यांवर नेलं का तुम्हाला?"

"कुठल्या पायऱ्यांवर?"

"बाई काय म्हणाल्या पण?"

"पान एक्केचाळीस काढा म्हणाल्या."

"मग?"

"मग पान बेचाळीस."