चावी गायब झाली, तरी शेवटचं दार उघडलं

मंडळी, गेम संपवला! आपल्या गेमवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर तुम्ही सगळे ज्याला 'बगांचं वारूळ' म्हणता, तोच पहिला भाग. आज दुपारी, लंडनच्या हाउन्सलोला, मावशीच्या कॉम्प्युटरवर.

माझी शाळा अर्धी, तीन नोकऱ्या अर्ध्या. उद्यापासून स्लाऊ शहरातल्या वेअरहाऊसमध्ये काम आणि राहणंही तिकडेच, म्हणजे कॉम्प्युटर आजच्यापुरताच. मावशी सकाळीच म्हणाली, "निदान तो खेळ तरी पुरा करून जा रे बाबा."

शेवटच्या किल्ल्याशी पोचलो. पहारेकऱ्याशी चुकून दुसऱ्यांदा बोललो आणि माझ्या पिशवीतली चावी गायब! बग. वर मी गेम तसाच सेव्ह करून बसलो, म्हणजे मागे जायची सोय नाही. मागून इथेच वाढलेली मावसबहीण नेहा तिच्या मोडक्या मराठीत हसत म्हणाली, "दादा, तुझा चावी गेला. गेम ओव्हर."

मग आठवलं. महिन्यापूर्वी मोहीम सोडून मी एका गुहेत मशरूम गोळा करत भटकत होतो. तिथे एका सांगाड्यापाशी अशीच चावी पडलेली. पिशवी मशरूमनी भरलेली, म्हणून उचलली नव्हती.

परत गेलो. होती! दार उघडलं, ड्रॅगन मेला, अभिनंदनाच्या दोन ओळी आल्या आणि गेम क्रॅश झाला. होऊ दे, ओळी मी वाचल्यात. नेहा साक्षीदार आहे.

"बघ मावशी, भटकलो म्हणून पुरा झाला!"

"बरं. आता नोकरीत भटकू नकोस."

उद्या वेळेवर जाणार आहे, नक्की. फक्त बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवलीय. तुम्हाला कधी वाट चुकल्यामुळेच काही सापडलंय का?