दवाखानेवाली

गावात दवाखाना नव्हता, तेव्हाही दवाखानेवाली होती.

आठवड्यातून एकदा शहराकडून नर्सबाई यायची आणि थोरलीच्या पुढच्या खोलीत बसायची. तुळईला टांगलेल्या वजनकाट्यात तान्ही पोरं हातपाय झाडायची. दोरीवरच्या निळ्या चादरीआड बायका दबक्या आवाजात दुखणी सांगायच्या. थोरली पाणी उकळायची, चहा करायची, रांगेतल्या भांडखोरांना दटावायची. सुई नर्सबाईची, पण ‘काही होत नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे सांगावं थोरलीनंच. गाव तिला दवाखानेवाली म्हणायचं, आणि ते नाव तिनं दागिन्यासारखं अंगावर वागवलं.

मग सरकारला जाग आली. रोज उघडणारा पक्का दवाखाना मंजूर झाला. जागा मागायला मंडळी आली ती थोरलीच्याच दारी. विहिरीपलीकडे तिच्या नवऱ्याचा खडकाळ तुकडा होता, त्यात गवताची काडी उगवत नव्हती. नवरा हो म्हणणार, तोच आतून पातेलं आदळलं.

“जागा नाही म्हणून सांगा,” थोरली आत आलेल्या नवऱ्याच्या कानाशी लागली. “जागाच नसली तर जातील कुठं? इथंच भरेल रोज.”

जायला जागा होती. लगतचा तुकडा धाकट्या दिराचा. धाकट्या जावेनं नुसती मान हलवली आणि वर्षाच्या आत भिंती उभ्या राहिल्या. किल्लीही धाकटीकडेच आली. दार उघडायचं, झाडायचं, नंबर लावायचे, आणि वर पगार.

त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखू लागलं, त्यावर कुठल्याच दवाखान्यात औषध नव्हतं. बायका विहिरीवर म्हणायच्या, “बरं झालं बाई, आता वार बघून आजारी पडायला नको.” थोरलीची घागर अर्धीच भरायची आणि ती घराकडे वळायची. धाकटी साधी केस विंचरून गेली तरी हिला वाटे, बघा, मिरवतेय. एकदा रस्त्यावर परगावच्या माणसानं विचारलं, “दवाखानेवाली कुठं राहते?” थोरलीनं पदर सारखा केला, तोंड उघडलं, तोवर कुणीतरी धाकटीच्या घराकडे बोट दाखवलंसुद्धा.

याच सुमारास तिला घेरी येऊ लागली. वाकून उठलं की अंगण फिरायचं, कानात पाण्याचा लोंढा वाहिल्यासारखं व्हायचं.

“दवाखाना दोन हाकांवर आहे,” नवरा म्हणाला. “दाखवून ये.”

“तिच्या दारात रांगेत बसू? मेले तरी बसायची नाही.”

“मेल्यावर रांग नसतेच.”

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिला आठवलं, सामान हलवताना आपली निळी चादर गेली ती परत आलीच नाही. चादर तर आपली! मागायला जायला कुणाची चोरी? आतून कसा आहे दवाखाना, तेही जाता जाता दिसेल. फरशी ओली असेल, कोपऱ्यात जाळी असतील, धाकटीला झाडू कुठं नीट धरता येतो!

फरशी कोरडी होती. जाळी नव्हती. भिंतीशी लांब बाक, प्यायच्या पाण्याला नळ, आणि दाराशी स्टुलावर धाकटी.

“या ताई, बसा. चौथ्या आहात तुम्ही.”

“मी पेशंट नाही. माझी चादर न्यायला आलेय.”

“आत तपासणी चाललीय. जरा थांबा की.”

“माझ्या घरी मला थांब म्हणणारं कुणी नव्हतं,” थोरली म्हणाली आणि तपासलेली बाई बाहेर पडताच तडक आत शिरली. निळी चादर नव्या खाटेपुढे टांगली होती, स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली. तेही तिला लागलं. तिनं कधी इस्त्री केली नव्हती. दोन्ही हात उंच करून ती गाठ सोडायला गेली, आणि छत पायाखाली आलं.

डोळे उघडले तेव्हा ती खाटेवर होती. दंडाला पट्टा आवळलेला, आणि नर्सबाई रबरी फुगा दाबत होती. पारा बघून तिच्या कपाळावर आठी पडली.

“काकू, इतकी वर्षं मी तुमच्याच घरी बसत होते. कधी हात पुढे का केला नाहीत?”

थोरली छताकडे बघत राहिली. “यजमानीण कधी पंगतीत बसते का?”

“हे आजचं नाही, जुनं दिसतंय. रोज गोळी घ्यायची, दर आठवड्याला येऊन दाखवायचं. हयगय केलीत तर एक बाजू लुळी पडेल. मी भीती घालत नाही, खरं सांगतेय.”

चादरीपलीकडून कुणीतरी विचारलं, “दवाखानेवालीला काय झालं गं?” थोरलीनं कान टवकारले. तेवढ्यात धाकटीचा आवाज आला, “मला काय धाड भरलीय? आमच्या ताई पडल्यात. गलका करू नका.” आणि लगेच ती पेला घेऊन आत आली. थोरलीनं पाहिलं, धांदलीत निम्मं पाणी बशीत सांडलं होतं. ती धांदल खोटी ठरवता येईना, म्हणून थोरलीला आणखीनच राग आला.

“दर आठवड्याला यायचंय म्हणे,” ती पाणी पिऊन म्हणाली. “माझा नंबर पहिला लाव. थोरली आहे मी.”

“इथं थोरली-धाकटी नाही, ताई. जो आधी येईल तो पहिला.”

“तू किती वाजता उघडतेस?”

“आठला.”

“मग मी साडेसातला बसेन. बघू कोण पुढे जातंय.”

आणि ती खरंच बसते, दर आठवड्याला. कुलूप उघडायच्या आधी पायरीवर हजर, गोळ्यांचं पाकीट मुठीत. दार उघडलं की पहिली नजर फरशीवर, दुसरी कोपऱ्यात. पारा खाली आलाय, पण पोटातलं दुखणं तसंच आहे. धाकटी मात्र त्या दिवशी सातलाच येऊन झाडून घेते आणि पुन्हा कुलूप लावून जाते.