पहिल्या हाताची जास्वंद

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगला रंग लावायला आलेला पेंटर परांचीवरून थेट माझ्या खिडकीत डोकावायचा. मी तिथेच बसून अ‍ॅक्रिलिकने जास्वंद रंगवत होते. पहिला थर सुकला आणि फूल फुटलेल्या टोमॅटोसारखं दिसायला लागलं. मला कुठलं जमतंय, म्हणत मी कॅनव्हास कचऱ्यात टाकायला उठले.

"थांबा की ताई!" भिंतीवरचा ब्रश न थांबवता तो म्हणाला. "पहिल्या हाताला भिंतपण घाणच दिसते. म्हणून काय घर सोडून जाता?"

मी परत बसून रंगाचा दुसरा हात दिला, मग तिसरा. पाकळ्या दिसायला लागल्या. चार दिवसांनी तो वरच्या मजल्यावर पोचलेला. मी ऐटीत चित्र खिडकीबाहेर धरलं. त्याने वाकून, एक डोळा मिटून पाहिलं.

"अजून एक हात लागेल."

मला राग आलाच; पण तोवर ट्यूबचं झाकण मी उघडलंही होतं.