मेरिट लिस्टमधला दुसरा नंबर

काल इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या किचन टेबलवर मुलगी शाळेच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्टसाठी सर्किटचं सोल्डरिंग करत होती. त्या गोडसर, जळक्या धुराच्या वासाने मला थेट पुण्यात, एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात नेऊन बसवलं.

त्या दिवशी स्पेशलायझेशन निवडायचं होतं. मेरिट लिस्टप्रमाणे नावं पुकारत होते आणि ज्याचं नाव येई त्याने उभं राहून विषय सांगायचा. माझा नंबर दुसरा. मला अ‍ॅस्ट्रोफिजिक्स हवं होतं. वर्षभर मी त्या विषयाच्या सरांकडून पुस्तकं मागून नेत होते. पण वरच्या नंबरांनी इलेक्ट्रॉनिक्सच घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. अ‍ॅस्ट्रो उरलेल्यांना मिळायचं.

“नंबर वाया घालवू नकोस,” शेजारची मैत्रीण कुजबुजली.

“इलेक्ट्रॉनिक्स,” मी म्हटलं.

नावं लिहून घेणारे सर नेमके अ‍ॅस्ट्रोचेच होते. त्यांचं पेन कागदावर टेकलंच नाही. “नक्की?”

“हो सर,” मी पटकन म्हटलं.

तेव्हा वाटलं, पंख्याच्या घरघरीत त्यांना नीट ऐकू आलं नसेल. आता कळतं, ते माझ्यासाठी थांबले होते.

ते इलेक्ट्रॉनिक्स पुढे कुठेच लागलं नाही. मी बँकेचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. गेल्या हिवाळ्यात अ‍ॅस्ट्रोचं एक पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं. दुसऱ्या पानावरचं गणितच कळेना, तेव्हा ते मिटून परत दिलं.

“आई, तुला हे खूप आवडायचं ना?” सोल्डरवरची नजर न काढता मुलीने विचारलं.

“हो,” मी पटकन म्हटलं.